मोजणी

मुसफ्फाच्या रस्त्यावर अडतीस अंश,
रात्री अकरालाही.
आत इनक्युबेटरमध्ये सदतीस.
मध्ये एक अंश, आणि दोन दारं
जी एका वेळी कधीच उघडत नाहीत.

टिकली, घड्याळ, अंगठी बाहेरच्या कपाटात.
मी डोळ्यांपुरती उरते.
पिशवीवर नाव नसतं, आकडा असतो.
आणि वजन, डोस ठरवायला:
एकोणीस किलो.

थेंबभर पेशी, थेंबभर निळा रंग.
मेलेली पेशी निळं पिऊन घेते, मुकाट.
जिवंत असते ती
दाराशीच नको म्हणते.

बाबा मिरजेत, पटवर्धनांच्या लॅबमध्ये
तीस वर्षं पांढऱ्या पेशी मोजायचे.
डाव्या मुठीत काउंटर, टिक टिक,
शेजारी चहा गार.
जिना चढतानाही पायऱ्या मोजत.
मोजताना बोलायचं नाही, म्हणाले होते.
मी शिकले ते एवढंच, बाकी पदव्या.

पुणं झालं. मग जर्मनीतली साडेतीन वर्षं,
रविवारी बर्फातून सायकल ढकलत
पेशींना खाऊ घालायला जायचे.
दावणीच्या गुरांना कुठली सुट्टी?
एका एप्रिलात सगळ्या बुरशीनं गेल्या.
कोणी रागावलं नाही, त्याचंच रडू आलं.
शोधनिबंधात माझं नाव चौथं.
निधी संपल्याची मेल दोन ओळींची.

तिथल्या पेशी फ्लास्कच्या तळाला चिकटून वाढायच्या.
सोडवायला ट्रिप्सिन.
जास्त वेळ ठेवलं तर सोडवता सोडवता मारतं,
कमी ठेवलं तर अर्ध्या तिथेच राहतात.
मी कुठे किती राहिले,
ते मोजलेलं नाही.

पहाटे गुलरेझ येतो, स्वातचा,
नायट्रोजनचा कॅन गाडीत चढवतो.
पहिल्या दिवशी विचारलं होतं त्यानं,
बाजी, यात काय असतं?
आज मी सांगितलं, एकोणीस किलोचं कुणीतरी.
तो काही बोलला नाही.
गतिरोधकावरून गाडी त्यानं
अशी नेली, जशी भरल्या ताटाची पंगत असावी पुढ्यात.

बाहेर उजाडलंय, धुळीतून, पिवळट.
मिरजेत साडेसात वाजले असतील.
बाबांचा हात आता थरथरतो,
फोन कानाला लावायला आई लागते.
किती?
एक्क्याण्णव टक्के.
दोनदा मोजलंस?
दोनदा.

थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो, त्यांचा.

मग बोल आता.