मागच्या सीटवरची

बिश्केकमध्ये पहाटे साडेपाचला
डेपोतून ट्रॉलीबस काढते, तेव्हा
माझ्याआधीच ती बसलेली असते
मागच्या सीटवर, खिडकीशी.
वय त्रेसष्ट. नाव माझंच, नुरझात.
मीच रचली तिला, गेल्या जानेवारीत,
तारांवर बर्फ चढून बस अडली त्या रात्री.
पाठ ताठ. डोक्यावर कर्ज नाही.
गुडघे शाबूत. बहिणीशी बोलणं आहे.

ती काही सांगत नाही.
आरशातून नुसती बघते.

सिगरेट ओठांशी नेली
की घसा खाकरते.
थांबा सुटताना एखादा पोरगा धावत आला,
दप्तर पाठीवर आपटत,
की तिची बोटं समोरच्या दांडीवर टकटक.
मी दार पुन्हा उघडते.
कधी नाहीही उघडत. वेळापत्रक तिला काय माहीत!
मग पुढचे तीन थांबे आरसा टाळते.

काल शेवटच्या फेरीला तिला नीट पाहिलं.
कोटाचं दुसरं बटण नव्हतं.
माझ्याही नाही, नोव्हेंबरपासून.
म्हणजे पंचवीस वर्षांत
तेवढंही जमलं नाही तुला?
हसू आलं, इतकं मोठ्यानं
की पेंगणारा तिकीटवाला दचकला.

घरी सुई सापडली, दोरा नाही.
आइचुरोककडे असणार, आईच्या शिवणयंत्रासोबत.
त्यावरूनच तर चार वर्षं अबोला.
रात्रीचे अकरा.
नंबर बोटांना पाठ निघाला.
"काळा दोरा आहे का गं?"