पाचपर्यंत

उदगीरला नळेगाव रोडवर, मन्मथआप्पा सुताराच्या शेडपुढं
आमचा टेम्पो उभा आहे, मागची दारं उघडी टाकून,
दवाखान्यात आ करून बसावं तसा.

आत पिंजणाचं यंत्र, यंत्रामागं आमची फळी.
दसरा सरला की निघायचं, होळीला परतायचं,
अठरा वर्षं याच फळीवर निजलो आम्ही.
देवणी, वलांडी, औराद, मुक्रमाबाद.
गाद्या उसवल्या, गाद्या भरल्या.
टपाच्या सांध्यातून पाणी कधीपासून येत होतं
कळलंच नाही कुणाला.
कापूस पीत गेला,
आणि कापूस चुगली करत नाही.

आप्पांनी तळाच्या लाकडात पेचकस टोचला.
आवाज नाही.
भिजल्या भाकरीत बोट जावं तसा मुठीपर्यंत गेला.
बाहेर काढून त्यांनी त्याचा वास घेतला
आणि माझ्या नवऱ्याकडं न बघता म्हणाले,
"खाजाभाई, ही गाडी न्हाई. चिखल हाय, रंग दिल्याला."

तौफिक लातूरहून कागद घेऊन आलाय.
नवी पिकअप, साठ हप्ते, पहिली सर्व्हिस फुकट.
चित्रातली गाडी इतकी कोरडी
की बघूनच तहान लागावी.
"अम्मी, कशाला जीव टाकलालाव ह्याच्यात?"
नवरा काही बोलत नाही. चाकाला पाठ लावून बसतो,
बिडी विझली तरी ओढत राहतो.

शेवटी पोरानंच अट घातली.
रात्री टपावर पाइप सोडायचा.
पाच भोकांपर्यंत दुरुस्ती.
सहावं निघालं की भंगारवाला.
मोजायचं कुणी?
दोघांनी माझ्याकडं बघितलं.

मला येतं ते.
बायका जुनी गादी घेऊन येतात, विचारतात,
हीच पिंजता, का नवी भरू?
मी मूठभर कापूस उपसते, दोन बोटांत ओढते.
कुरकुरला तर म्हणते, जित्ता आहे, पिंजू.
गप तुटला तर म्हणते, बाई, जाळून टाका.
नवऱ्याची शेवटची गादी घेऊन आलेल्या बाईलाही
हेच म्हटलंय मी.
आवाज हलला नव्हता.

आत शिरले. एक बॅटरी, एक खडू.
बाहेर मार्चचं आभाळ, खडखडीत, चांदण्यांनी भरलेलं,
आणि आमच्या एकट्याच्या टपावर पाऊस.

पहिलं मागच्या कोपऱ्यात.
दुसरं पंख्याच्या वायरीजवळ.
तिसरं, चौथं एका रेषेत,
जिथं लग्नाच्या गाद्या बांधून ठेवायचो.
पाचव्याजवळ प्लाय सुटला होता.
ओढला तर अख्खा पापुद्रा हातात,
मागं पत्रा, पत्र्यावर गोल गोल निळी तेलगू अक्षरं.
आमच्याआधी ही निजामाबादकडं दूध वाहायची म्हणे.
म्हणजे तिकडंही कुणीतरी बसलं असेल रात्रभर,
ठेवू का काढू, म्हणत.
त्यानं काढली.
त्याचं काही चुकलं नाही.

सहावं माझ्या उशाशी.
सातवं पायथ्याला.
पांढऱ्या दोन फुल्या मारल्या, बघत बसले.
बाहेरून हाक आली, "किती?"

अंगठा ओलाच होता.

उतरले. पदर पिळला.
"पाच," म्हटलं.
नवऱ्यानं बिडी फेकली.
तौफिकनं नळ बंद केला, जरा जोरातच.
आप्पांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली, आत एकदा फिरवली,
मग माझ्या अंगठ्यावर धरली, क्षणभर.
कानामागची पेन्सिल काढली.
"पत्रा किती लागंल, सकाळी मापून घेऊ."

उरलेल्या दोन जागा मला पाठ आहेत.
तिथं कापूस ठेवायचा नाही.
तिथं मी निजेन.