कळ

नाव म्हणे सलग लहर,
आणि ऐकू येतात ते सगळे तुकडेच.
मी हे विचारलं तेव्हा वाइके बटाटे सोलत होती.
म्हणाली, पूर्वी ठिणगीची यंत्रं असायची,
त्यांची लहर उठायची नि लगेच विरायची,
घंटेच्या नादासारखी.
मग न विरणारी सापडली. एकाच उंचीची, अखंड.
"पण अखंडातून काही सांगता येत नाही, आगुर.
तोडावी लागते."
तिच्या सुरीखालून सालीची पट्टी
एकदाही न तुटता जमिनीला टेकली.

दर ऑक्टोबरात मी तिच्या पाइनवर चढतो,
धुराड्यापर्यंतची तार ताणून देतो.
हीउमा बेटावर वारा काही शिल्लक ठेवत नाही.
मजुरी म्हणून ती मला शब्द देते:

क्यूआरएन म्हणजे आभाळाची खरखर,
क्यूआरएम म्हणजे माणसांची.
पहिलीवर रागवायचं नाही.
दुसरीवर रागावून उपयोग नाही.
क्यूएसबी म्हणजे, आहेस तू, पण ओसरतोयस.
सोळा वर्षांचं पोरही इथे ओल्ड मॅन
आणि एक्क्याऐंशीची वाइके यंग लेडी.
आमच्या देशाची खूण ईएस,
आणि तारेच्या बोलीत ईएसचा अर्थ 'आणि'.
म्हणजे आमची प्रत्येक हाक 'आणि'पासून सुरू होते,
जणू आधीचं काहीतरी बोलून झालंय.

फ्लोरेश बेटावरच्या अमारोशी
तिचं एकोणचाळीस वर्षं बोलणं होतं, मंगळवारी.
चेहरा कधी पाहिला नाही. हात ओळखायची.
त्याची शेवटची रेघ
उंबऱ्यात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखी जरा लांबायची.
सुरुवातीला हवा, यंत्र, तारेची उंची,
एवढंच बोलायची मुभा होती,
आणि त्याची कार्डं यायची मॉस्कोच्या एका पेटीतून,
क्रमांक अठ्ठ्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशी म्हणजे आमच्यात प्रेम आणि मुके.
"पेटीला ते माहीत नव्हतं," वाइके म्हणाली,
आणि चमच्यानं कपावर चार टिंबं वाजवली, मग दोन.
ते तिचं हसू.
स्वतः मात्र ती त्र्याहत्तरच पाठवायची. शुभेच्छा.
तोही त्र्याहत्तरच.

नोव्हेंबरात उत्तरेचा उजेड उतरला होता,
सगळे सूर घोगरे.
त्याची खूण आली.
वाइकेनं बोट वर केलं. "हा त्याचा हात नव्हे."
रेघा आखूड, टिंबं घाबरलेली,
चुकलं की आठ टिंबं मारून खोडायचं, पुन्हा तेच.
लुसिंदा, मुलगी.
बापाच्या वहीत बघून एकेक अक्षर.
एस. के.
बोलणं संपलं, याची खूण.
माणूस संपला, याचीही.
मूक कळ म्हणतात त्याला.

कळ म्हणजे पितळेचा दांडा, काळी गोळी,
खाली केसाएवढी फट.
कळ म्हणजे दुसरीही.
ती कुठून उठली ते मला कळलं,
कारण तिचा हात गोळीवर होता आणि दाबत नव्हता.

वाइकेनं आजवर कुणाला फुकटचे पाच-नऊ-नऊ दिले नाहीत.
जेवढं ऐकू आलं तेवढेच आकडे,
परीक्षेच्या मास्तरणीसारखे.
त्या रात्री त्या अडखळत्या पोरीला दिले,
पाच-नऊ-नऊ.
पाच म्हणजे शब्दन् शब्द कळला.
आणि खाली, पहिल्यांदाच, अठ्ठ्याऐंशी.
एवढ्या उशिरा, भलत्याच माणसाला.

शेवटी दोन सुटी टिंबं टाकायची असतात,
अर्थ नसलेली.
पलीकडचाही दोन टाकतो, मग यंत्र बंद.
वाइकेनं टाकली.
लुसिंदाला ही रीत ठाऊक नसावी,
वहीत नसते ती.
बटाटे गार झाले. नुसती खरखर, आभाळाची.
"रागवायचं नाही," वाइके स्वतःशीच म्हणाली.

मग एक टिंब आलं. एकच.
किंवा कुठे समुद्रावर वीज पडली असेल.
मी कोट चढवला.
ती हेडफोन काढायला तयार नव्हती.