एकूण

वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत सकाळी
ॲसिडच्या आधी शिणाण्यांचा वास येतो.
बेतूलची इझाल्दिना पिशवी ठेवून गेली होती.
कुणा गिऱ्हाइकाने तिला सांगितलं, यांत सोमल असतो.
"बाय, खावंक जाता मगे?"
परवा सांगते, म्हटलं.

वाळवलं, दळलं, अर्धा ग्रॅम तोललं.
नायट्रिक ओतलं, झाकण गच्च आवळलं.
हायड्रोक्लोरिकची बाटली अशा दिवशी मी कपाटातच ठेवते:
त्याच्या संगतीत तापला की सोमल उघड्या भांड्यातून
वाफेबरोबर निघून जातो.
फुल्जेंसकडून एकदा अख्खी खेप अशी उडाली,
आणि अहवाल इतका निर्मळ आला
की सहीला कुणी थांबलंच नाही.

एकशे ऐंशी अंश.
भांडं उघडलं तर पाणी नितळ, फिकट पिवळं.
डोळ्यांना वाटतं, विरघळलं म्हणजे तुटलं.
हायड्राइडच्या यंत्राला जेमतेम काही दिसेना.
प्रमाणित नमुन्याचंही तेच,
ज्याचा आकडा बाटलीवरच छापलेला असतो.

म्हणजे पळाला नाही.
आतच आहे, चार बाजूंनी चार कार्बन धरून,
उकळत्या नायट्रिकमध्ये
भरतीत खडकाला चिकटून राहावं तसा.
समुद्राने बांधलेला हा सोमल
पोटात जातो, जसाच्या तसा बाहेर पडतो,
कुणाचं काही बिघडवत नाही.
यंत्राला मात्र तो तुटलेलाच हवा.

दुसऱ्या दिवशी दोनशे ऐंशी.
फुल्जेंस दाराबाहेर जाऊन उभा राहिला,
दाबाचा काटा बघवत नाही म्हणाला.
मग आकडा चढला. जुळला.
नळीत आता खरं विष होतं,
पिशवीत नव्हतं ते,
मी केलेलं.

अहवालात रकाना एकच: एकूण.
मी तिथे तो आकडा लिहिला. काय करणार.

इझाल्दिना चौथ्या दिवशी आली.
परवा उलटून गेला होता, ती काही बोलली नाही.
खा, म्हटलं, खुशाल खा, वीक.
तिने कागद लांब धरून वाचला.
"मग हांगा इतकें कित्याक?"
मोडल्याशिवाय मोजता येत नाही गं, म्हटलं.

ती हसली. कागदाची घडी पाटलीत, ओल्या गोणपाटाखाली सारली.
"मोडिल्ली शिणाणी," म्हणाली, "कोण घेता, बाय?"