तीन पाण्यांचा करांदा

आमटे फाट्याला त्या चढल्या.
आधार कार्ड पदराच्या गाठीत.
मी मशीनमधून शून्याचं तिकीट काढून दिलं.
त्यांनी ते उलटसुलट बघितलं,
"फुकट कसं बसायचं ओ कंडक्टर," म्हणाल्या,
आणि माझ्या पिशवीत, सुट्ट्या पैशांवर,
एक करांदा ठेवला.
मूठभर, मातीसकट, अंगभर मुळांचे राठ केस.

अडिवेप्पानं आरशातून बघितलं, "गेणसू?"
"रताळं न्हवं बाबा, कडू हाय ह्ये. रानातलं."

मग थांब्याथांब्यानं कृती मिळाली.
जांबोटीपर्यंत: हाताला तेल लाव, साल जाड काढ, चकत्या पातळ.
मुंद होगरी, मुंद होगरी, पुढं सरका.
किणये येईतो: राखेच्या पाण्यात उकळ, पाणी फेक. पुन्हा उकळ, पुन्हा फेक.
"आणि मग?"
पिरनवाडीला त्या उतरल्या.
दारातून तीन बोटं दाखवली.

डेपोत कॅशियरनं नाण्यांवरची माती फुंकली.
काही बोलला नाही.

वैजू निपाणीला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली.
घरात गॅस. राख कुठनं आणायची?
इस्त्रीवाल्या नागोजीनं कागदात बांधून दिली,
दात घासायला का, विचारलं.

पहिलं पाणी चहासारखं निघालं.
दुसरं, साखर नसलेल्या चहासारखं.
एक चकती जिभेवर ठेवली, थुंकली,
जिभेच्या मुळाशी मात्र तासभर बसून राहिली ती,
तिकीट न काढलेल्या माणसासारखी.

तिसरं पाणी चढवलं तेव्हा रात्रीचे अकरा.
पाचची ड्यूटी. म्हटलं, झोपावं,
आणि उभाच राहिलो पातेल्याशी, चमच्यानं उगीच ढवळत.
इतका वेळ मी कशासाठीच उभा नसतो,
बसमध्ये सोडून.

मोहरी, सुकी मिरची, थोडं खोबरं.
चव म्हणाल तर फारशी नाही. बटाट्याच्या दूरच्या
पाव्हण्यासारखी, ओल्या लाकडाचा वास असलेली.
कडू एका कोपऱ्यात होतंच.
सगळं संपवलं. वैजूला फोनवर सांगितलं,
ती म्हणाली, पातेलं घासून ठेवा.

आज फाट्याला पुन्हा हात आला.
"पाणी किती बदललं?" पायरीवरूनच.
"तीन."
"आन् कडू?"
"होतं थोडं."
"तेवढं ऱ्हातंयच." खिडकीशी बसल्या,
कार्डासाठी गाठ सोडू लागल्या.
मी म्हटलं, असू दे, ओळखतो की तुम्हाला.

अडिवेप्पा मागं न बघता म्हणाला,
"किणयेला चेकिंग हाय आज."