विग्रह

बुखहोल्त्सच्या चर्चमागे, बंद पडलेल्या शाळेत
रोझविठा काल्कराइट शब्दांची कार्डं लावते.
निवृत्तीला अकरा दिवस उरलेत.
आज हातात एकच लांबलचक शब्द:
मुटरझेलनअलाइन.
आई, जीव, एकटा.
तिघं इतके खेटून
की मध्ये श्वासाला जागा नाही,
आणि अर्थ काय, तर
सोबत कुणीच नसणं.

"माझ्या आजोबांची गोष्ट लिही की,"
दुप्लेसी म्हणतो. भाजीवाला.
याचे पूर्वज धर्मापायी फ्रान्स सोडून
फ्लॉवरचं बी कमरेला बांधून आले म्हणे.
त्यातल्या एकाला बर्लिनच्या पाववालीनं विचारलं,
बरोबर कोण आहे?
तो म्हणाला, म्वा तू सल.
मी, अगदी एकटा.
(माझ्या मराठी कानात तेवढंच अडकलं:
तू. सल.)
पाववालीला कुठलं फ्रेंच!
तिनं ऐकलं मुटर, ऐकलं झेलन,
मग त्याचा चेहरा बघून
पदरचं अलाइन जोडलं,
डझनावर एक पाव जास्त टाकावा तसं.

रोझविठा चष्मा कपाळावर सरकवते.
पुरावा नाही, दुप्लेसी.
जुन्या बोलीत मुटरझेले म्हणजे साधा माणूस,
कुठल्यातरी आईच्या पोटचा.
तेवढाही आसपास नसेल, तेव्हा हा शब्द.

आपण अशा वेळी म्हणतो, चिटपाखरू नव्हतं.
यांनी पाखराच्या जागी
आईला शोधलं, आणि तीही सापडली नाही.

दुप्लेसी खांदे उडवतो.
"नसेल पुरावा. गाजरं ठेवू का?"

तो गेल्यावर ती कार्डावर लिहिते,
व्युत्पत्ती अनिश्चित,
आणि पेनाचं टोपण लावायचं विसरते.

पंचेचाळीस साली, स्टेटिनच्या फलाटावर
तिलाही कुणी विचारलं होतं, बरोबर कोण आहे?
सात वर्षांची होती. काही बोलली नाही.
ओळख ना पाळख, एका बाईनं
स्वतःचा मफलर काढून
तिच्या गळ्याला दोन वेढे दिले
आणि गर्दीत गेली.
त्या बाईचं नाव
कुठल्याच खोक्यात नाही. तिनं शोधलंय.

संध्याकाळी खोके बंद होतात.
त्या कार्डाच्या पाठीवर मात्र
पेन्सिलीनं, खोडता येईल इतकं पुसट:
पाववाली?
आणि त्याखाली,
गाजरं, दोन जुड्या.