पावणेपाच ते सव्वापाच

पहिली फेरी सहाची. सातारा, मेढा,
मग केळघर घाटातनं महाबळेश्वर.
त्याआधी माझी अर्ध्या तासाची
एक बिनतिकिटाची फेरी असते :
गोडोलीच्या क्वार्टर्समध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
गॅलरीच्या या कठड्यापासनं त्या मोरीपर्यंत.

दिवा लावत नाही.
अजिंक्यताऱ्यावरच्या मनोऱ्याचा लाल ठिपका पुरतो.
बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालायचं.
गार लागली तर पुढं.
कोरडी लागली तर एक तांब्या, सावकाश,
खालच्या ताटलीत पाझरेस्तोवर थांबायचं.
एवढंच.
याला कुणी साधनाबिधना म्हणू नये,
मला हसू येईल.

शमशुद्दीन मिस्त्रीनं डेपोतनं दिलेल्या
एअर फिल्टरच्या डब्यात गवती चहा.
रंगाच्या बादलीत ओवा.
कढीपत्ता तीनदा लावला, तीनदा गेला,
चौथ्यांदा लावलाय.
अबोली न विचारता कुठंही येते,
पाइपाच्या फटीतसुद्धा उभी राहते,
पासवाल्या पोरींसारखी, दांडीला धरून.

स्ट्रॉबेरीचं रोप माचुतरच्या एका बाईनं दिलं.
तिचे चौदा रुपये माझ्याकडं राहिलेले,
तिकिटामागं लिहिलेले, आणि तिकीट तिनं हरवलेलं.
आठवड्यानं ती चढली तेव्हा मी आपणहून दिले.
उतरताना ओल्या पेपरातली पुडी
माझ्या सीटवर ठेवून गेली, काही न बोलता.
दोन वर्षं झाली.
फळ एकच धरलं, ते मुंगळ्यांनी खाल्लं.
खालची हवा मानवत नाही, म्हणतात.
पण दोरे सोडतं सारखं, इकडं तिकडं,
आणि मी दर दोऱ्याखाली एक कप ठेवते,
टपरीवरचा, बुडाला भोक पाडून.
अकरा झालेत.

दिवसभर माणसं हात पुढं करतात :
सुट्टे द्या, खिडकी द्या, जरा थांबवा, लवकर चला.
झाडंही मागतातच की.
पण त्यांचं मागणं कानाला लागत नाही.

परवा घाटात एक साहेब
एका रुपयावरनं गाडी अडवायला निघाले.
माझाही आवाज गळ्यापर्यंत आलेला, धार लावून.
मशीनचं बटण दाबताना दिसली
अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ,
सकाळचीच, ओव्याच्या बादलीतली.
वास होता अजून.
रुपया दिला का नाही, आठवत नाही.
डबल मारली.
गाडी वळण चढली आणि
साहेब खिडकीला डोकं टेकून झोपले.

आज एक कप पिशवीत घेतलाय, तीन पानांचा.
ती बाई आता कित्येक महिने दिसत नाही.
माचुतरला जो कुणी चढेल त्याला विचारीन.
नाहीच कळलं तर संध्याकाळी परत आणीन,
जागा आहे.

सव्वापाच.
खाली दूधवाल्याची किटली वाजली.
हात धुते.
नखं तेवढी सोडून.